खिशातली सांची

दोनशे रुपयांची नोट हाती पडली की आपण ती उजेडात धरून खरी-खोटी पाहतो, घडी घालतो आणि खिशात टाकतो. उलटी करून पाहणारे थोडेच. वाचकहो, हे वाचता वाचताच ती नोट काढा आणि उलटी करा. मागे सांचीचा महास्तूप आहे. अर्धगोल अंड, वर हर्मिका, त्यावर छत्र आणि समोर तोरण. २५ ऑगस्ट २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने ही पिवळी नोट चलनात आणली. पुढच्या अंगाला मध्यभागी गांधीजी आहेत, ते सर्वच नोटांवर असतात; पण उजवीकडे खाली सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह आहेत. म्हणजे सम्राट अशोकाची खूण एकाच कागदाच्या दोन्ही अंगांना आहे. मागे डाव्या बाजूच्या पट्टीत पंधरा भाषांत रक्कम लिहिली आहे. वरून आठवी ओळ आपल्या मराठीची.

२०१६ नंतर आलेल्या या मालिकेत देशाचा वारसा दाखवायचे ठरले. दहाच्या नोटेवर कोणार्कचे सूर्यमंदिर, वीसवर वेरूळ, पन्नासवर हम्पीचा दगडी रथ, शंभरवर पाटणची राणी की वाव, दोनशेवर सांची, पाचशेवर लाल किल्ला. आमच्या विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतो. तिथे या नोटांचा संग्रह करायची टूम निघाली ती अशी की, एका मुलाने विचारले, "आपल्या बुद्धाचा स्तूप नोटेवर आहे, मग आपण तो बघायला का नाही गेलो?" प्रश्न बरोबर होता. संग्रह आधी झाला, सहल नंतर.

नोटांचा संग्रह म्हटला की लोकांना वाटते, हे श्रीमंतांचे काम. जुन्या दुर्मिळ नोटांच्या बाबतीत ते खरेच आहे. चालू नोटांचे तसे नाही. त्या दर्शनी किमतीला मिळतात आणि अडीअडचणीला खर्चही करता येतात! दहापासून दोनशेपर्यंत पाच नोटांना तीनशे ऐंशी रुपये पडतात. एका घराला हे एकदम जमले नाही तर वर्गाने मिळून एक वही करावी, आम्ही तसेच केले. बँकेत कोरी नोट मागावी, रोखपाल बहुधा नाही म्हणत नाही. नोटेला टाचणी लावू नये, चिकटपट्टी तर मुळीच नाही. साध्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नोट काही वर्षांनी चिकट होते, म्हणून जाड कागदाच्या वहीत चारी बाजूंना कागदी कोपरे करून त्यात ती अडकवावी. शेजारी मोकळी जागा सोडावी. त्या मोकळ्या जागेत काय लिहायचे, हाच या छंदातला खरा अभ्यास.

मुलांना आधी बारकावे आवडतात. मागच्या बाजूला डावीकडे छपाईचे वर्ष असते ते पाहायचे. गव्हर्नरांची सही पाहायची. सांचीच्या नोटेवर आधी ऊर्जित पटेल यांची सही होती, मग शक्तिकांत दास यांची, आणि डिसेंबर २०२४ मध्ये संजय मल्होत्रा गव्हर्नर झाल्यावर त्यांची. वेरूळची वीसची नोट २०१९ साली दास यांच्या काळात आली, तेव्हा तिच्यावर पटेलांची सही शोधत बसू नये. क्रमांकात तारा असेल तर ती छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी घातलेली बदली नोट. अशी ताऱ्याची नोट आमच्या वहीत एकच आहे, आणि ती आणणारी मुलगी महिनाभर कॉलर ताठ करून हिंडत होती.

आमची सहल नोव्हेंबरात निघाली. सत्तावीस माणसे, त्यात अकरा मुले. कल्याणहून भोपाळकडे जाणारी गाडी नाशिकरोडवरून जाते. याच नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, हे सांगितल्यावर मुले खिडकीला चिकटली. दिसण्यासारखे अर्थातच काही नाही. छापखान्यात तुम्हाआम्हाला कोण सोडणार? "परत येताना नाशिकला उतरू, तिथे पैशाची याहून जुनी गोष्ट दाखवतो," असे कबूल केले तेव्हा कुठे झोपली.

भोपाळहून सांची पंचेचाळीस-सेहेचाळीस किलोमीटर. बस गावात शिरण्याआधीच टेकडीवर स्तूप दिसू लागतो. मुलांनी नोटा बाहेर काढल्या. नोटेवरचे चित्र कुठे उभे राहून काढले असेल, ती जागा शोधायचा खेळ त्यांनी बसमध्येच ठरवला होता. वर पोचल्यावर अर्धा तास ती पळत होती, आणि मोठी माणसे मात्र स्तूपासमोर गप्प उभी होती. आमच्यातल्या एका वृद्ध उपासिकेने चपला काढून तिथेच पंचांग प्रणाम केला. तिने आयुष्यात महाराष्ट्राबाहेर पहिल्यांदाच पाऊल टाकले होते.

स्तूपाचा व्यास छत्तीस मीटरांहून अधिक, उंची साडेसोळा मीटरांच्या आसपास. आत अशोकाच्या वेळचा विटांचा लहान स्तूप आहे. पुढे त्यावर दगडी आवरण घालून तो जवळजवळ दुप्पट केला गेला, भोवती दगडी कठडा म्हणजे वेदिका आली, आणि इ.स.पू. पहिल्या शतकात चार दिशांना चार तोरणे उभी राहिली. तोरणांवर तथागतांचे जीवन कोरले आहे, पण स्वतः तथागत मनुष्यरूपात कुठेही नाहीत. रिकामे आसन, बोधिवृक्ष, पावले, धम्मचक्र यांवरून ओळखायचे. स्वार नसलेला घोडा आणि त्यावर धरलेले छत्र पाहून मुलांनी स्वतःच ओळखले की सिद्धार्थ घर सोडून निघाला आहे. मूर्ती आल्या त्या पुष्कळ पुढे, गुप्तकाळात.

दक्षिण तोरणापाशी मात्र आपण महाराष्ट्रीयांनी जास्त वेळ थांबावे. तिथल्या लेखात राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा मुकादम आनंद, वासिष्ठीचा मुलगा, याचे दान नोंदलेले आहे. सातवाहनांची राजधानी आपली पैठण. त्याच तोरणाच्या खांबावर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी हे कोरीव काम केले, असेही लिहिले आहे. विदिशा तिथून दहा किलोमीटर. हस्तिदंतावर बारीक नक्षी करणारे हात दगडाला लागले म्हणून ती माणसे, हत्ती, पाने एवढी नाजूक उतरली.

आता वेदिकेकडे या. दगडी पट्ट्यांवर, खांबांवर, फरशांवर लहान लहान ओळी कोरल्या आहेत, शेकड्यांनी. आमच्या वर्गातल्या मुलांना धम्मलिपीची थोडी ओळख आहे. शेवटी पाहायचे: आडव्या रेघेवर उभी रेघ आणि शेजारी ठिपका, तो 'नं'. त्याच्या आधी 'दा'. दानं. एकाला सापडले, मग दुसऱ्याला, मग सगळ्या कठड्याभोवती "इथे पण! इथे पण!" असा गलका झाला. एका विदेशी पाहुण्याने वळून पाहिले, त्यालाही मुलांनी ओढून नेऊन दाखवले.

याच दोन अक्षरांनी अशोक आपल्याला परत मिळाला, ही गोष्ट प्रत्येक घरात सांगितली गेली पाहिजे. ही लिपी शेकडो वर्षे कोणाला वाचता येत नव्हती. स्तंभ होते, शिलालेख होते, पण ते कोणाचे हे सांगणारा कोणी उरला नव्हता. १८३७ साली सांचीच्या या छोट्या ओळींच्या नकला कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप याच्याकडे गेल्या. त्याच्या लक्षात आले की बहुतेक ओळी त्याच दोन अक्षरांनी संपतात. पवित्र जागी एवढी माणसे एकच शब्द कशाला लिहितील? दान दिले म्हणून. 'दानं' वाचले गेले आणि त्या धाग्याने सारी लिपी उलगडली. स्तंभांवरचा 'देवानंपिय पियदसि' राजा बोलू लागला, आणि हा पियदसि म्हणजेच अशोक, हे जॉर्ज टर्नर याने श्रीलंकेतील पाली ग्रंथांवरून दाखवून दिले. आणि हा प्रिन्सेप नोकरीला कुठे होता? कलकत्त्याच्या टांकसाळीत! नाण्यांतल्या धातूचा कस पाहण्याचे काम त्याचे. नाणी पाहता पाहता त्याला जुन्या लिप्यांचे वेड लागले. नाणी-नोटा जमवणाऱ्याला रिकामटेकडा म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

पण त्या ओळींत नावे कोणाची आहेत? राजाराण्यांची फार थोडी. भिक्खू आहेत, आणि भिक्खुणी तर पुष्कळ आहेत. गृहपती आहेत, व्यापारी आहेत, विणकर आहे, सुतार-गवंडी आहे, लेखनिक आहे. कोणाची आई, कोणाची बायको, कोणाची सून म्हणून नोंदलेल्या स्त्रिया आहेत, आणि स्वतःच्या नावाने उभ्या असलेल्याही आहेत. उज्जैनचे लोक तर किती तरी. कोणी एक फरशी दिली, कोणी कठड्याची एक पट्टी, आणि नाव कोरले गेले. बावीसशे वर्षांपूर्वी पाया घातलेल्या या वास्तूला आपण 'अशोकाने बांधली' म्हणून मोकळे होतो. तिचा कठडा मात्र गावोगावच्या वर्गणीतून उभा राहिला. आमच्या विहाराच्या बांधकामाची पावतीपुस्तके घेऊन दारोदार फिरलेले दोन कार्यकर्ते सोबत होते. ते त्या कठड्यापासून हलेनात. आपल्या विहाराच्या भिंतीवर फरशी देणाऱ्यांची नावे लिहितो, त्याला काही जण नाके मुरडतात. त्यांना सांचीला पाठवावे.

दक्षिण तोरणाजवळ अशोकस्तंभाचा तुटका बुंधा आहे. संघात फूट पाडणाऱ्या भिक्खू-भिक्खुणींना पांढरी वस्त्रे नेसवून बाहेर काढावे, अशी आज्ञा त्यावर आहे. (हे वाचून आमच्यातले एकजण म्हणाले, "आपल्या पुढाऱ्यांना दाखवा." त्यावर सारेच हसले, पण फार वेळ नाही.) हा स्तंभ एका स्थानिक जमीनदाराने उसाच्या चरकासाठी तोडला होता. त्याचा चार सिंहांचा शिरोभाग खाली वस्तुसंग्रहालयात आहे, आणि तो पाहताच हातातल्या नोटेच्या पुढच्या अंगावरचे सिंह आठवतात. ते सारनाथचे, हे त्यांचे भाऊ.

सांचीचे आणखी हाल झाले. १८१८ साली इंग्रजी फौजेतल्या जनरल टेलरला हा स्तूप दिसला, त्यानंतर खजिन्याच्या आशेने हौशी लोकांनी खणून त्याची मोडतोड केली. १८५१ साली कनिंगहॅम आणि मेसी यांना जवळच्या तिसऱ्या स्तूपात सारिपुत्त आणि महामोग्गल्लान या अग्रश्रावकांचे धातू सापडले. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेले. १९४७ मध्ये परत निघाले, वाटेत श्रीलंकेच्या जनतेने दर्शन घेतले, आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये सांचीच्या नव्या चेतियगिरी विहारात ठेवले गेले. महास्तूप आज नोटेवर आहे तसा डौलदार दिसतो, त्याचे श्रेय १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल याने केलेल्या दुरुस्तीला. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस हे धातू दर्शनाला काढतात. आम्ही तो दिवस साधूनच गेलो होतो. रांगेत थायलंडचे, श्रीलंकेचे भिक्खू होते, आणि "जयभीम" म्हणताच वळून पाहणारी विदर्भातली माणसे तर प्रत्येक दहा पावलांवर भेटत होती.

कबूल केल्याप्रमाणे परतताना नाशिकला उतरलो. काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह ज्या शहरात झाला, तिथे आपल्या मुलांना नुसते गाडीतून पुढे नेणे बरे नव्हेच. पण पैशाची गोष्ट आहे ती गावाबाहेर, त्रिरश्मी डोंगरावर. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इ.स.च्या दुसऱ्या शतकातला लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण संघाला दिले, पण हातात दिले नाहीत. गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ते कायम ठेवीने ठेवले. दोन हजारांवर महिना शेकडा एक व्याज, हजारावर पाऊण. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज खायचे. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाच्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, अशी व्यवस्था. सातवीतल्या मुलीने तिथेच हिशोब केला: वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. हा व्यवहार निगमसभेत वाचून नोंदवला, असेही लेखात आहे. ठेव विणकरांकडे ठेवली यावरून त्या काळी कष्टकऱ्यांच्या श्रेणीची पत केवढी होती ते दिसते. पुढे ज्यांच्या सावलीचा विटाळ झाला, त्यांच्यात विणणारे हातही होते.

नहपानाची नाणीही नाशिक जिल्ह्यात सापडली. १९०६ साली जोगलटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एका ठेव्यात मिळाली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नवा राजा आला, नाणे तेच, शिक्का बदलला. कोणाचे चित्र पैशावर असावे, ही ओढाताण आजची नाही.

म्हणूनच वीसच्या नोटेविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. तिच्यावर वेरूळ आहे, म्हणजे वेरूळचे कैलास लेणे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले. अखंड कातळ वरून खाली कोरीत नेला, त्या पाथरवटांपुढे कोणीही मान तुकवावी, आम्हीही तुकवतो. परंतु वेरूळला चौतीस लेणी आहेत, आणि त्यांतली पहिली बारा बौद्धांची. औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, मोटारी येतात, कैलासाच्या दारात थांबतात, फोटो होतात, तासाभरात परत. आम्हाला भेटलेला वाटाड्या म्हणाला, "तिकडे काही नाही, रिकाम्या खोल्या आहेत." त्या रिकाम्या खोल्यांत दहावे विश्वकर्मा चैत्यगृह आहे, छताला लाकडी फासळ्यांसारख्या दगडी फासळ्या आणि स्तूपापुढे बसलेले तथागत. तीन मजली बारावे लेणे आहे. आणि पाचवे आहे. लांबलचक दालन, मधोमध टोकापासून टोकापर्यंत दोन बुटके दगडी बाक. भिक्खू समोरासमोर बसून पाठ म्हणत किंवा भोजन करत असावेत. या पाचव्या लेण्याचे नाव बर्जेसच्या एकोणिसाव्या शतकातल्या नोंदीत काय आहे, ठाऊक आहे? महारवाडा.

हे मी मुलांना सांगितले तेव्हा कोणी बोलले नाही. मग एकजण त्या दगडी बाकावर जाऊन बसला. मग दुसरा समोरच्या बाकावर. हळूहळू अकराही जण बसले, आणि कोणी न सांगता त्यांनी त्रिसरण सुरू केले. त्या दालनात आवाज फार छान घुमतो.

त्या दिवशी वहीत वीसच्या नोटेशेजारच्या मोकळ्या जागेत काय लिहायचे, यावर वाद झाला. एकाचे म्हणणे, पाचव्या लेण्याचे चित्र काढावे. दुसरीचे म्हणणे, नोटेवर जे आहे ते आधी नीट लिहावे, मग नाही ते. दुसरीचे मत मान्य झाले, आणि मला ते योग्य वाटले.

रुपयाचा विषय निघाला आणि बाबासाहेब आले नाहीत, असे आपल्या घरात होत नाही. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ. त्याच विषयावर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून त्यांनी डी.एस्सी. मिळवली. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाविषयी साक्ष दिली. याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. व्यासपीठावर आपण याहून मोठी विधाने करतो. मला वाटते एवढे सत्य पुरेसे मोठे आहे; मुलांना तेवढेच शिकवावे, म्हणजे कोणी खोडायला आले तर ती डगमगणार नाहीत. जन्मशताब्दीनिमित्त १९९० सालचा एक रुपयाचा शिक्का निघाला, त्यावर बाबासाहेब आहेत. तो सुट्या पैशांत अजूनही कधीमधी हाती येतो, आमच्या वहीत चार आहेत. ६ डिसेंबर २०१५ ला दहा रुपयांचे आणि एकशे पंचवीस रुपयांचे नाणे निघाले; एकशे पंचवीसचे व्यवहारासाठी नाही, संग्राहकांसाठी आहे. बाबासाहेबांचे चित्र असलेली नोट अद्याप निघालेली नाही. तिच्यासाठी वहीत एक पान कोरे सोडा, असे मुलांनी ठरवले. मी हरकत घेतली नाही.

परदेशी नोटांचीही दोन पाने आहेत, पण ती मिळतील तशी भरतात. इंडोनेशियाच्या १९९२ सालच्या दहा हजार रुपयाच्या नोटेवर बोरोबुदुरचा स्तूप आहे. जपानच्या दहा येनच्या नाण्यावर ब्योदो-इन हे बौद्ध मंदिर आहे. बांगलादेशाने २०२५ मध्ये काढलेल्या वीस टाक्याच्या नोटेवर एका बाजूला कांतजीचे मंदिर आणि दुसऱ्या बाजूला पहाडपूरचा बौद्ध विहार आहे. ही नोट आमच्याकडे अजून नाही. तिकडे कोणाचे जाणे-येणे असेल तर एखादी कोरी घेऊन ठेवावी, दर्शनी किंमत तत्काळ देऊ.

सांचीला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी: सर्व गाड्या सांची स्थानकावर थांबत नाहीत, भोपाळ किंवा विदिशाला उतरणे सोयीचे. धातूंच्या दर्शनाला जायचे असेल तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याची तारीख आधी विचारून घ्यावी; गर्दी होते, थंडीही असते. वस्तुसंग्रहालय टेकडीच्या पायथ्याशी आहे, ते चढण्याआधी पाहावे, उतरताना पाय दुखतात आणि मग राहून जाते. लहान मुलांच्या हाती 'दानं' ही दोन अक्षरे कागदावर काढून द्यावीत.